भाजावळ, देवराई आणि सह्याद्रीचे रान

सह्याद्रीचे रान इंग्रज येईपर्यंत मानवी हाताला अस्पर्श होते, हे सह्याद्रीच्या रानावरील तुमच्या लेखातील विधान मला पटत नाही. बेसॉल्टचे हे डोंगर सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यातून घडले असले, तरी त्यांच्यावरील आजचे रान पिढ्यान् पिढ्यांच्या वहिवाटीतूनही घडले आहे. आमच्या रत्नागिरी जिल्ह्यात पावसाळ्याआधी ऐन-किंजळ या झाडांची कवळ, म्हणजे पानांसकट फांद्या तोडून, तिच्यावर पालापाचोळा आणि माती पसरून भाजावळ करत, म्हणजे ते सारे जाळत, आणि त्याच राखेत भाताचा तरवा, म्हणजे रोपांसाठीचे बी टाकत. वर्षानुवर्षे फांद्या छाटलेले ते ठेंगणे, गाठाळ ऐन आजही बांधावर दिसतात.

याच माणसांनी देवराईत, म्हणजे देवाच्या नावाने राखलेल्या रानात, मात्र कोयती लावली नाही. आमच्या गावच्या राईत मांडीएवढी जाड गारंबीची वेल आहे, आणि तिच्या हातभर लांब शेंगा पायवाटेवर पडलेल्या असतात. धनेश पक्ष्याची मादी ज्या ढोलीत स्वतःला लिंपून घेते, तशा ढोल्या जुन्या, जाड खोडांतच सापडतात, आणि तशी खोडे आता मुख्यतः राईतच उरली आहेत. आंबोलीच्या हिरण्यकेशी मंदिराच्या कुंडातील माशाची नवी जात 2020 मध्ये नोंदवली गेली. ते पाणी देवाचे मानले गेले, याचा ती जात टिकून राहण्यात मोठा वाटा आहे, असे मला वाटते.

रत्नागिरीतील बहुतेक जंगल खासगी मालकीचे आहे, त्यामुळे केवळ वनखात्याच्या इतिहासावरून येथील रानाचा इतिहास लिहिता येणार नाही. लेखकांनी पुढील भागात देवराया आणि भाजावळ यांची दखल अवश्य घ्यावी, ही कळकळीची विनंती.