अंडाकृती घड्याळ आणि सहा ठिपके

संगणकाच्या रुंद पडद्यावर चित्र ताणलेलं असलं की सगळीच माणसं सुखवस्तू दिसतात. पाहणारे म्हणतात, "वा, काय मोठं दिसतंय!" मला मात्र कोपऱ्यातल्या गोल घड्याळाचं अंडं झालेलं दिसतं आणि चैन पडत नाही. १०२४ × ७६८ ठिपक्यांचं चित्र १३६६ × ७६८ ठिपक्यांच्या पडद्यावर ताणलेलं असतं. आडवी वाढ ३३ टक्के, उंची तसूभरही नाही.

जुन्या, मागे ढेरी असलेल्या मॉनिटरला काहीही चालायचं. सपाट पडद्यात ठिपके मोजून बसवलेले. तीन ठिपक्यांचा माल चारांत वाटायचा म्हटलं की कडा पुसट होतात. मग अक्षरावरचा तो अनुस्वार की धूळ, हे बोटानं पुसून ठरवावं लागतं.

तेव्हा सेटिंगमध्ये जाऊन १३६६ निवडावं. पण यादीत १३६० असतं, १३६८ असतं. १३६६ नेमकं नसतं. ७६८ उंचीला १६:९ प्रमाणात रुंदी येते १३६५.३३. पाव-तृतीयांश ठिपका बनवता येत नाही म्हणून पडदेवाल्यांनी १३६६ केले. इकडे सिग्नलचं जुनं गणित रुंदी आठाच्या पटीतच मोजतं, आणि १३६६ ला आठाने भाग जात नाही. लिनक्स प्रणालीवर पडद्याच्या सिग्नलची मापं काढून देणाऱ्या 'सीव्हीटी' कमांडला १३६६ मागा, ती निर्विकारपणे १३६८ हातावर ठेवते. अशा वेळी मी १३६० घेईन, पण न ताणता. दोन्ही कडांना तीन-तीन ठिपके काळे राहतात, राहू देत. ते सहा ठिपके भरायला गेलात तर अख्खं चित्र पुसट होतं.

व्हीजीए, म्हणजे मॉनिटरची जुनी पिनांची केबल असेल तर वेगळाच छळ. पडदा आपली मापं १२ आणि १५ नंबरच्या पिनांवरून सांगतो. त्यातली एक वाकली की संगणकाला काहीच कळत नाही आणि तो बिचारा १०२४ वर येऊन बसतो. पिना मोजताना ९ नंबरची नसली तर घाबरू नका, बऱ्याच केबलींत ती मुळातच नसते. मॉनिटरवरचं, चित्र आपोआप जागेवर बसवणारं 'ऑटो' बटण दाबण्याआधी एखादी पांढरी खिडकी पडदाभर उघडा. ते बटण चित्राची कड शोधतं. काळ्या वॉलपेपरवर त्याला कड कुठली सापडणार? ते चित्र भलतीकडे सरकवून मोकळं होतं.

एचडीएमआयने टीव्हीला जोडलंत तर खालची टास्कबारच गायब. टीव्हीला वाटतं कार्यक्रम आलाय, म्हणून तो चित्र जरा फुगवून कडा छाटतो. इथे बहुतेक जण संगणकाच्या सेटिंगमधली पट्टी सरकवून चित्र आक्रसतात. म्हणजे रुंदीचे १९२० ठिपके १८२४ करायचे आणि टीव्हीने ते पुन्हा १९२० ला ताणायचे! औषध टीव्हीच्या मेनूत असतं: 'जस्ट स्कॅन', 'स्क्रीन फिट' किंवा '१:१'. काही टीव्हींत इनपुटचं नाव बदलून 'पीसी' करावं लागतं. नावात काय आहे, असं म्हणणाऱ्याने हा मेनू पाहिलेला नाही.

एवढी झटापट करून घड्याळ गोल झालं की घरातलं कुणीतरी म्हणतं, "अक्षरं फार बारीक दिसतात." अशांना डिस्प्ले सेटिंगमधलं स्केलिंग १२५ टक्के करून द्यावं, अक्षरं वाढतात, ठिपके जागेवर राहतात. आणि हे तातडीनं करावं. कारण आपण चहा टाकून येईपर्यंत त्यांनी स्वतःच ८०० × ६०० केलेलं असतं, घड्याळाचं पुन्हा अंडं झालेलं असतं, आणि ते समाधानानं म्हणत असतात, "आता कसं छान दिसतंय!"