मॅट्रिक्स वाचायची एवढी काय घाई?

स्टोरेज व्हर्च्युअलायझेशनचा सर्व्हर आला म्हणता? अभिनंदन. वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या कंपन्यांकडून घेतलेले तुमचे डिस्कांचे संच म्हणजे डिस्क-अ‍ॅरे आता त्याच्या पोटात जातील आणि बाहेर सगळ्यांना जागेचा एकच गुळगुळीत सामायिक साठा, म्हणजे 'पूल', दिसेल. आयबीएमने २००३ मध्ये हेच काम करणारा सॅन व्हॉल्यूम कंट्रोलर आणला, तेव्हापासून या धंद्यातली सगळीच मंडळी एक वाक्य ऐकवत आली आहेत: 'होस्टला काही कळणारच नाही.' होस्ट म्हणजे ही जागा वापरणारा सर्व्हर. वाक्य अक्षरशः खरं आहे. होस्टला खरंच काही कळत नाही, आणि पुढची सगळी गंमत त्यातूनच होते.

आता कुणीतरी अतिशहाणा म्हणेल, आधी कम्पॅटिबिलिटी मॅट्रिक्स, म्हणजे कशाचं कशाशी जुळतं याचा कंपनीचा तक्ता, बघा. त्याला चहाला पाठवा. त्या तक्त्यात ऑपरेटिंग सिस्टिमची आवृत्ती, सर्व्हरला स्टोरेजशी जोडणाऱ्या एचबीए कार्डाचं मॉडेल, त्याचं फर्मवेअर (कार्डातलंच सॉफ्टवेअर), ड्रायव्हर, मल्टिपाथ (एकाच डिस्ककडे जाणाऱ्या अनेक वाटा एकत्र धरणारं सॉफ्टवेअर), मधल्या फायबर चॅनल स्विचचं फर्मवेअर, असं सगळं एकाच ओळीत जुळावं लागतं. वर तळटिपा. तक्ता 'हो' म्हणतो आणि पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत 'पण' सुरू होतं. आपण 'हो' वाचून थांबावं.

खरं तर काय चालतं आणि काय चालत नाही, हे तो तक्ता सांगतच नाही. तक्त्याबाहेरच्या जोड्याही वर्षानुवर्षं मजेत चालतात. बिघडल्यावर कंपनीने कुणाचा फोन उचलायचा, एवढंच त्यात लिहिलेलं असतं. आणि तुमचं कुठे काय बिघडणार आहे!

तेव्हा सुरुवात कोपऱ्यातल्या विंडोज सर्व्हर २००३ पासून करा. पगाराचं सॉफ्टवेअर त्यावर आहे आणि ते लिहिणारा केव्हाच नोकरी सोडून गेला आहे. मायक्रोसॉफ्टने १४ जुलै २०१५ ला त्याच्यावरचा हात काढून घेतला, पण तुम्ही इतके निष्ठुर थोडेच आहात? हे जुनं खोड पार्टिशन डिस्कच्या ६३ व्या सेक्टरवर (छोट्या तुकड्यावर) सुरू करतं, म्हणजे खालच्या अ‍ॅरेच्या आखणीशी त्याची रेघ जुळत नाही आणि एका कामासाठी खाली बऱ्याचदा दोन खेपा पडतात. सर्व्हर २००८ पासून सुरुवात १ एमबीवर होऊ लागली, पण सुधारणा सगळ्यांनी मनावर घ्यायलाच हवी असं कुठे आहे? शिवाय थिन प्रोव्हिजनिंगमध्ये, म्हणजे जागा लागेल तशीच दिली जाते तिथे, फाइल पुसली की जागा मोकळी झाल्याचं खाली कळवावं लागतं. विंडोजला हे 'अनमॅप' २०१२ च्या आवृत्तीत जमलं. आपला २००३ पुसतो आणि गप्प बसतो. पूल फुगत जातो आणि एके दिवशी भरतो. त्या दिवशी एकट्या पगाराचंच नाही, त्याच पूलवर नवी जागा मागणाऱ्या प्रत्येकाचं लिहिणं थांबतं. समता म्हणतात ती हीच.

होस्ट टाइप, म्हणजे होस्ट कोणत्या जातीचा, विचारला तर 'जेनेरिक' ठेवा. एचपी-यूएक्स या ऑपरेटिंग सिस्टिमला वेगळा लागतो, पण त्याचे लाड कशाला?

मल्टिपाथ टाकूच नका. मग चार वाटांनी येणारा एकच लन (पूलमधून होस्टला दिलेली डिस्क) चार डिस्क होऊन दिसतो आणि वरिष्ठांना जागा चौपट झाल्याचं दाखवता येतं. कुणाला कोणता लन दिसावा हे ठरवणारं मास्किंग चुकून लिनक्सचा लन विंडोजला दिसला, तर विंडोज नम्रपणे विचारतं, 'इनिशियलाइझ करू?' म्हणजे कोरी समजून नव्याने आखू? नाही म्हणणं बरं दिसत नाही.

टाइमआउटला तर हातच लावू नका. व्हर्च्युअलायझेशनच्या एका नोडचं (जोडीतल्या एका सर्व्हरचं) फर्मवेअर बदलायचं म्हणजे काम काही क्षण दुसऱ्या नोडवर जातं. 'काही क्षण' किती, हे त्या दिवशीच्या लोडवर. विंडोज सर्व्हर एका आदेशाची वाट साधारण ६० सेकंद बघतो, लिनक्स ३०. त्यानंतर लिनक्स आदेश रद्द करतो, रीसेट मारतो, आणि तरीही उत्तर आलं नाही तर फाइलसिस्टिम रीड-ओन्ली (फक्त वाचण्यापुरती) करून हात झटकतो. हे आकडे वाढवायला कंपन्या होस्ट युटिलिटी फुकट देतात. फुकटचं घेऊ नये. सकाळी लिनक्सवाले डोक्याला हात लावून बसलेले असतात, तर विंडोजवाले 'आमच्याकडे तर सगळं ओके आहे' म्हणत कॉफी पितात. टीम बिल्डिंगवर वेगळा खर्च उरत नाही.

अपग्रेड मात्र धडाक्यात करा. एकाच सर्व्हरवर अनेक आभासी सर्व्हर चालवणाऱ्या व्हीएमवेअरच्या ईएसएक्सआय ७.० ने एप्रिल २०२० मध्ये जुनी व्हीएमके-लिनक्स ड्रायव्हरची सोय काढून टाकली. त्याआधी २०१९ मध्ये रेड हॅट लिनक्स ८ ने कित्येक जुन्या स्टोरेज कार्डांची ओळख सोडली. दोन्ही गोष्टी रिलीज नोट्समध्ये होत्या. रिलीज नोट्स रीबूटनंतर, ईएसएक्सआयचा साठा, म्हणजे डेटास्टोअर, दिसेनासा झाल्यावर वाचायच्या असतात. तेव्हा त्या मन लावून वाचल्या जातात.

मग फोन लावा. ऑपरेटिंग सिस्टिमवाले स्टोरेजकडे बोट दाखवतील, स्टोरेजवाले एचबीएच्या ड्रायव्हरकडे, कार्डवाले सर्व्हरच्या कंपनीकडे, आणि ती कंपनी परत ऑपरेटिंग सिस्टिमकडे. लॉग प्रत्येकाला नव्याने पाठवा. आधीचे 'एक्स्पायर' झालेले असतात. तुमची जोडी मॅट्रिक्समध्ये आहे का, हे मात्र चौघेही पहिल्याच मिनिटाला विचारतील. त्या एका मुद्द्यावर त्यांचं कमालीचं एकमत असतं.

पुढच्या खेपेला चेंज रिक्वेस्टवर 'रोलबॅक प्लॅन'चा, म्हणजे फसलं तर मागे कसं फिरायचं याचा, रकाना येईल. तिथे 'लागू नाही' लिहा आणि शुक्रवारची संध्याकाळ निवडा. बॅकअप कुठे, असं कुणी विचारलंच, तर त्याच पूलवर ठेवलाय म्हणून सांगा. जागा चौपट झाली आहेच.