डायरेक्ट करा हो!

काल बोहरी आळीत हार्डवेअरच्या भरल्या दुकानात एका अनोळखी काकांनी मला घाबरट म्हटलं. काकांच्या पिशवीतून मेथीची जुडी डोकावत होती आणि ते बिजागऱ्या घ्यायला आले होते, म्हणजे माझ्या कामाशी त्यांचा काडीचाही संबंध नव्हता, पण पुण्यात संबंध लागतो कुणाला.

तर आमच्या सोसायटीत झाडांचा कचरा बारीक करायचं मशीन आहे, श्रेडर. 2016 च्या घनकचरा नियमांनी 5000 चौरस मीटरच्या वरच्या सोसायट्यांना ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवा असं सांगितलं, कमिटीला त्यातून मालमत्ताकरातली सूट तेवढी ऐकू आली, आणि मशीन आलं. वर नरसाळं, आत मिनिटाला 2800 च्या आसपास फेरे घेणारी पाती. नरसाळं हललं की मोटर बंद व्हावी म्हणून आत मायक्रोस्विच, आणि तो दाबून धरायला नरसाळ्याच्या कडेला प्लास्टिकची बोटभर जीभ. ती जीभ तुटली. बस्स, एवढंच. बाकी सगळं बाजारात मिळतं. बेअरिंग 6204 नंबरचं, कुठल्याही कंपनीचं घ्या, 20 मिलिमीटरचं भोक आणि 47 चा बाहेरचा व्यास, डोळे मिटून बसतं. मोटरचा कपॅसिटर बुधवार पेठेत मिळतो, पाती भोसरीत कुणीही पाडून देतो. फक्त ही जीभ कंपनीने स्वतःच्या डोक्याने बनवलीय आणि आता ती बनवत नाही.

कस्टमर केअरची मुलगी म्हणाली, सर ते मॉडेल डिसकंटिन्यू आहे, एंड ऑफ लाइफ. मला वाटलं आता दोन शब्द सांत्वनाचे बोलेल, तर तिने लगेच नव्या मॉडेलची एक्स्चेंज ऑफर सांगितली, दहावं व्हायच्या आत स्थळ सुचवावं तशी.

म्हणून बोहरी आळी. मी तुकडा काउंटरवर ठेवला, पण दुकानदाराच्या आधी काकांनी उचलला. चष्मा कपाळावर सरकवला, उलटसुलट बघितला, चक्क वास घेतला.

"नायलॉन. चिकटणार नाही. हे असतं कशाला?"

मी सांगितलं. सांगायला नको होतं खरं तर, पण समोरचा माणूस वयस्कर, आपण बोलून जातो.

"म्हणजे हे नसलं तरी मशीन चालतं."

"नाही ना चालत काका, म्हणून तर आलोय."

"चालत नाही असं नाही, ते तुम्हाला चालू देत नाहीये. दोन वायरी काढा, पिळा, टेप मारा. डायरेक्ट करा हो!"

"आणि कुणी हात घातला तर?"

"हात कशाला घालेल?"

"झावळीचे धागे शाफ्टला गुंडाळतात, ते काढायला माळीमामा हात घालतात."

"मग त्यांना सांगा, घालू नका म्हणून."

यावर काय बोलणार. मी गप्प बसलो ते त्यांना कबुलीसारखं वाटलं असावं, कारण मग त्यांनी स्वतःच्या घराचं दर्शन घडवलं. पंख्याचा रेग्युलेटर गेला, डायरेक्ट केला, आता एकच स्पीड, पाच, थंडीत गोधडी घेतात. फ्रिजच्या दाराचा स्विच डायरेक्ट, आत दिवा कायम चालू, "भाजीला उजेड लागतोच की." गिझरचा थर्मोस्टॅट डायरेक्ट, काका घड्याळ बघून बारा मिनिटांनी बटण बंद करतात.

"आणि विसरलात तर?" मी विचारलं.

"हिला सांगितलेलं असतं."

"त्या गावाला गेल्या असतील तर?"

"मग गार पाण्याने आंघोळ. तब्येतीला चांगली."

सगळं दुकान माना डोलवत होतं. नळाचे वायसर घ्यायला आलेला एक जण उत्साहाने म्हणाला, आमची लिफ्टपण मध्ये डायरेक्ट केलेली. तेव्हा मात्र दोन सेकंद शांतता पसरली, काकांनीसुद्धा त्याच्याकडे वळून बघितलं. मला वाटलं आता वारा फिरला. कसलं काय. "स्पष्ट बोलतो, राग मानू नका," काका माझ्याकडे तोच तुकडा रोखून म्हणाले, "तुम्ही घाबरट आहात." आणि दुकानदार हसला. हसला! मी त्याच्याकडून वर्षानुवर्षं माल घेतोय.

राग याचा येतो की एवढ्या गर्दीत कंपनीला कुणी एक शब्द बोललं नाही. बोटभर प्लास्टिकचा तुकडा न देणारी कंपनी हुशार, आणि तो मागत दारोदार फिरणारा मी भित्रा. बोटं माळीमामांची जाणार, धाडस मात्र बिजागऱ्यावाल्यांचं. सरकारने 24 डिसेंबर 2022 ला राइट टू रिपेअरचं पोर्टल काढलं, तेही उघडून बसलो. शेतीची अवजारं, मोबाईल, घरगुती वस्तू, गाड्या असे विभाग. आमचं मशीन शेतीचं म्हणावं का घरगुती यावर घरात वाद झाला, बायको म्हणाली तुझं सोडून सगळ्यांचं घरगुती चाललंय, आणि शेवटी आमची कंपनी दोन्हीकडे नव्हतीच.

आता थ्रीडी प्रिंटिंगवाला एक मुलगा सापडलाय. लगेच करून देतो म्हणाला, फक्त तुटलेला पीस आणा, माप घ्यायला. मी खिसे बघितले, पिशवी बघितली, स्कूटरची डिकी उपसली. तुकडा नाही. दुकानात फोन केला तर उत्तर आलं, "तो काकांच्या हातात होता ना शेवटी? घेऊन गेले असतील. बुधवारी येतात ते, जुन्या बाजाराला आले की इकडे चक्कर असते."

म्हणजे बुधवारपर्यंत मशीन बंद, झावळ्या व्हिजिटर पार्किंगमध्ये, आणि आत्ताच सोसायटीच्या ग्रुपवर सेक्रेटरींचा मेसेज येऊन पडलाय की बागेच्या कचऱ्याचं काम नक्की कुणामुळे अडलंय हा विषय येत्या मीटिंगला घेऊ. खाली अकरा अंगठे.