“दीड तास नुसत्या पेन्सिलच्या रेघा” या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार मॅडम, आमच्या रविवारच्या फुलांच्या पेंटिंग बॅचबद्दलचा तुमचा रिव्ह्यू काल रात्री वाचला आणि खरं सांगते, झोप लागली नाही. तुमचं चित्र अर्धवट राहिलं, रविवार फुकट गेला असं वाटलं, त्याबद्दल मनापासून सॉरी.

पण “पंधराशे रुपये घेऊन दीड तास नुसत्या पेन्सिलच्या रेघा मारायला लावल्या” हे फार लागलं हो. क्युबिझम म्हणजे एकच वस्तू एकाच वेळी अनेक बाजूंनी, तुकड्यातुकड्यांत दाखवायची चित्रशैली, आणि तिच्या फुलांमध्ये त्या रेघा म्हणजेच निम्मं चित्र असतं. फुलदाणीची कड फुलदाणीपाशी थांबवायची नाही, पट्टी लावून ती पार कॅनव्हासच्या टोकापर्यंत न्यायची, टेबलाची कड पाकळ्यांमधून वर काढायची, आणि मग जे तुकडे पडतात त्यातला प्रत्येक तुकडा एका कडेला गडद करून दुसरीकडे फिका करत न्यायचा, शेजारचा बरोबर उलटा. हे पेन्सिलीत ठरलं नाही तर रंगात सगळा चिखल होतो. हुआन ग्रिस या स्पॅनिश क्युबिस्ट चित्रकाराच्या १९१२ सालच्या गिटार आणि फुलांच्या चित्राची प्रिंट मी भिंतीवर लावली होती ना, तो माणूस पॅरिसला जायच्या आधी माद्रिदला टेक्निकल ड्रॉइंगच शिकला होता, आणि ते त्याच्या चित्रात दिसतं.

आता वेळेचं. बॅच सकाळी १० ची होती, तुम्ही आलात पावणेअकराला. पार्किंग मिळत नाही हे मला माहितीये, मी पुण्यातच राहते, त्याबद्दल तेव्हाही काही बोलले नाही आणि आत्ताही बोलायचं नव्हतं. पण त्या पाऊण तासात बाकीचे सात जण मी सकाळी मंडईतून आणलेले जरबेरा आणि निशिगंध टेबलाभोवती फिरून तीन बाजूंनी काढत होते, फुलदाणीचं तोंड वरून गोल आणि अंग समोरून, असं. ते तुमचं राहिलं, म्हणून तुमच्याशेजारी बसून मी ते परत करून घेतलं, त्यात माझाही चहा राहिला आणि बाकीचे खोळंबले, आणि तोच वेळ तुम्ही “वाया घालवला” म्हणून लिहिलात.

रंग “मळकट” दिले म्हणालात. क्युबिझम सुरू करणाऱ्या पिकासो आणि ब्राक यांची १९१०-११ ची चित्रं बघा, जवळजवळ सगळी तपकिरी आणि करड्या रंगात आहेत, कारण रंग भडक झाला की आकाराकडे लक्षच जात नाही. तरी तुम्हाला राणी कलर हवा होता तो मी दिला. त्यावर ओला असतानाच हिरवा फिरवलात, मी थांबा म्हणत होते.

आणि मास्किंग टेपबरोबर रंग निघाला ते मटेरियल हलकं म्हणून नाही, खालचा थर वाळला नव्हता. हेअर ड्रायर एकच होता ही मात्र आमची चूक, दुसरा घेतोय, वेळेचंही काहीतरी बघतो.

माझं हे घर त्या सात-आठ जणांच्या फीवर चालतं मॅडम, एका स्टारने पुढच्या बॅचची दोन नावं कॅन्सल झाली.

तुमचा कॅनव्हास मी टाकलेला नाही. डावीकडचा खालचा कोपरा आणि एक जरबेरा तेवढा बाकी आहे. कुठल्याही शनिवारी दुपारी या, पैसे घेणार नाही, फक्त येताना जरा वेळेत या.