समुद्राची नोंद खंडता कामा नये

समुद्राचा अभ्यास म्हटलं की लोकांना पाणबुड्या आणि खोल अंधारात चमकणारे मासे आठवतात. मला आठवतं ते 1982 साल.

त्या वर्षी प्रशांत महासागरात विसाव्या शतकातला एक महाभयंकर एल निनो, म्हणजे विषुववृत्ताजवळचं समुद्राचं पाणी नेहमीपेक्षा तापून जगभरचं हवामान बिघडवणारी घटना, आकार घेत होता आणि तज्ज्ञांना कित्येक महिने त्याचा पत्ताच नव्हता. मेक्सिकोतल्या एल चिचोन ज्वालामुखीचे कण आकाशात पसरले होते, त्यामुळे उपग्रहांना पाणी होतं त्यापेक्षा थंड दिसत होतं. प्रत्यक्ष पाण्यात मोजणारी यंत्रं फारच थोडी. मग पेरू-इक्वेडोरमध्ये पूर आले, ऑस्ट्रेलियात दुष्काळ आणि वणवे.

एल निनो, म्हणजे स्पॅनिशमध्ये 'बाळ येशू', हे नाव पेरूच्या मच्छीमारांनी दिलेलं. नाताळच्या सुमारास किनाऱ्याचं पाणी ऊबदार होतं आणि मासळी पांगते, हे त्यांना केव्हापासूनच ठाऊक होतं. पोट समुद्रावर असलेली माणसं समुद्राकडे रोज बघतात. विज्ञानानेही तेच करायला हवं, रोज बघायला हवं.

1982च्या फटक्यानंतर प्रशांत महासागरात विषुववृत्तालगत सुमारे 70 बोयांची, म्हणजे नांगरून ठेवलेल्या तरंगत्या मोजणी-यंत्रांची, साखळी उभी राहिली, 1994च्या अखेरीस पूर्ण झाली. 1997चा एल निनो वाढताना जगाने दिवसागणिक पाहिला. आणि एवढं होऊनही 2012मध्ये या बोयांच्या देखभालीचं जहाज बंद केलं गेलं. 2014पर्यंत साखळीकडून येणारी माहिती निम्म्याच्याही खाली घसरली. मला याचा मनापासून राग येतो. दुर्बिणीचं काम दोन वर्षं थांबलं तर तारे तिथेच असतात. समुद्राचं त्या दोन वर्षांतलं तापमान पुन्हा मोजता येत नाही.

हरितगृह वायूंमुळे साठणाऱ्या जादा उष्णतेपैकी 90 टक्क्यांहून अधिक समुद्र पोटात घेतोय. आज आर्गो या आंतरराष्ट्रीय समुद्रमोजणी मोहिमेची सुमारे 4,000 तरंगती यंत्रं दर 10 दिवसांनी 2,000 मीटर खोलवरून वर येत तापमान आणि क्षारता मोजतात. त्यांच्या बॅटऱ्या संपतात, नवी सोडावी लागतात. याच खर्चाला कात्री लावू नका, एवढंच माझं म्हणणं आहे.

1872 ते 1876 या काळात 'चॅलेंजर' या ब्रिटिश संशोधन जहाजावरच्या लोकांनी दोराला थर्मामीटर बांधून समुद्रात सोडले. त्यांना हवामानबदल हा शब्दही माहीत नव्हता. त्यांचे आकडे आर्गोच्या आकड्यांशेजारी ठेवले, तेव्हा कळलं की पृष्ठभागाचं पाणी सरासरी सुमारे 0.6 अंशांनी तापलंय.