ओपन स्पेसची चावी कोणाकडे?

नेदरलँड्समधल्या युट्रेख्टला येऊन अकरा वर्षं झाली तरी सकाळी उठल्यावर पहिलं उघडतो ते आमच्या कॉलनीचं व्हॉट्सॲप. गाव खान्देशातलं, तालुक्याचं, लाखभर वस्तीचं. नाव लिहीत नाही, लिहिलं की कोणाचा तरी भाचा फोन करतो. सध्या ग्रुपवर एकच भांडण चाललंय, "घरपट्टी भरतो ना, मग कचरा आपणच का उचलायचा" विरुद्ध "पालिकेची वाट बघत बसलो तर नातवंडं म्हातारी होतील". मला दोन्ही पटतं, हीच अडचण आहे. आणि मी काही टाकलं की आईचा व्हॉइस मेसेज येतो, "तू तठे बशीसन काय सांगस रे, आठे ये नि खराटा धर."

भांडणाचं मूळ आमचा ओपन स्पेस. लेआउट पाडताना दहा टक्के जागा मोकळी सोडावी लागते ती ही, पण वीस वर्षं तिथे बेशरमाची झाडं, मेलेली डुकरं आणि लग्नाच्या पत्रावळी. एका रिटायर्ड गुरुजींनी सुरुवात केली, मग समोरच्या दोघी काकू, मग क्लासला जाणारी पोरं. अकरा निंब लावले. नळाला पाणी चार दिवसाआड, तरी तेलाच्या डब्यांना दोरी बांधून बायकांनी दोन उन्हाळे ती झाडं जगवली. खान्देशातला मे महिना ज्याने काढलाय त्याला हे काय आहे ते कळेल. मी काय केलं? लोखंडी जाळ्यांचे पैसे पाठवले आणि फोटोला हार्ट दिलं.

झाडं डोक्याच्या वर गेली आणि एक दिवस जेसीबी आला. निधी मंजूर, सभामंडप होणार. कोणाला विचारलं? कोणालाच नाही. गुरुजी 1975 च्या वृक्ष संरक्षण कायद्याचं झेरॉक्स घेऊन जेसीबीसमोर उभे राहिले, झाडं तोडायची परवानगी दाखवा म्हणाले, तोवर चार निंब आडवे झालेले. सात वाचले. मंडप कोपऱ्यात सरकला, त्याला कुलूप आहे आणि चावी ज्याच्याकडे आहे त्याने त्या जागेत एक डबा पाणी कधी टाकलेलं नाही.

इथे माझ्या गल्लीत एका आजीबाईंनी फुटपाथजवळचा हिरवळीचा तुकडा सांभाळायला घेतला. आधी पालिकेशी कागद झाला, रोपं कोण देणार, कापणी कोण करणार, बाईंना नको झालं तर काय, सगळं त्यात लिहिलेलं. मला हसू आलं होतं, दहा बाय चार फुटाच्या जागेला करार! आता येत नाही, कारण त्या कागदामुळे त्यांच्या गुलाबावर कोणी सहज मशीन फिरवू शकत नाही. ह्याच शहराने 1970 च्या दशकात जुन्या कालव्याचा एक भाग कोरडा करून त्यातून मोठा रस्ता नेला होता, 2002 मध्ये लोकांनी मतदान करून स्टेशन भागाचा प्लॅन निवडला आणि 2020 ला तिथे परत पाणी आलं. अठरा वर्षं लागली. आता त्यात लोक होड्या वल्हवतात.

पण इथलं सगळं गोड आहे असं समजू नका. आजीबाई मुलाकडे राहायला गेल्या आणि तो तुकडा दोन महिन्यात वाळला, एकही शेजारी पाण्याची झारी घेऊन आला नाही, मीपण नाही. पालिकेने येऊन गवत टाकलं, विषय संपला. आमच्या काकू गावाला गेल्या तर शेजारीण न सांगता डबा भरते. म्हणजे हात आपल्याकडे आहेत, कागद यांच्याकडे आहे.

आणि "हे सगळं परदेशात चालतं, आपल्याकडे नाही" म्हणणाऱ्यांसाठी सांगतो. माझे मामा साक्री तालुक्यातले, पांझराकाठचे, तिथे फड पद्धत कित्येक पिढ्या चालली. बंधारा, पाट, शेतीचे फड पाडलेले, एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, पाणी पाटकरी, म्हणजे गावाने नेमलेला पाणी वाटणारा माणूस, सोडणार आणि शेतकऱ्याने मनाने बारं, म्हणजे पाटातून शेतात पाणी घ्यायचं तोंड, फोडायचं नाही. पाटातला गाळ काढायला सगळ्यांनी यायचं, आणि जो यायचा त्याच्या शब्दाला बैठकीत वजन. वर धरणं झाली, विहिरी झाल्या, प्रत्येकाचं पाणी वेगळं झालं तसं ते मोडत गेलं. डच लोकांची पाणी सांभाळणारी निवडून दिलेली पाणी मंडळं असतात, त्यांच्या निवडणुकीत 2023 ला मी परदेशी नागरिक असून मत दिलं, तेव्हा मला मामांचा पाटकरीच आठवला. त्याच साक्री तालुक्यात बारीपाड्याने जंगल राखलं ते गावाने बसून नियम आणि दंड ठरवले म्हणून, नुसतं श्रमदान करून नाही. तिथल्या चैत्राम पवारांना 2025 ला पद्मश्री मिळाली तेव्हा ग्रुपवर दोन दिवस फटाक्यांच्या इमोजी चालल्या होत्या.

खेड्याला निदान ग्रामसभा आहे. वॉर्ड समिती तीन लाखांवरच्या शहरांना बंधनकारक. मधल्या आमच्यासारख्या गावांनी जायचं कुठे? 2009 ला राज्यात क्षेत्रसभेची, म्हणजे शहरातल्या एका भागातल्या मतदारांच्या ग्रामसभेसारख्या बैठकीची, तरतूद आली, आमच्या वॉर्डात ती एकदाही झाल्याचं कोणाला आठवत नाही. मधे काही वर्षं तर नगरसेवकच नव्हते, प्रशासक. 2025 च्या डिसेंबरात निवडणूक झाली, प्रचारात आमच्याकडे पेव्हर ब्लॉक आणि अजून एक सभामंडप. म्हणून ग्रुपवर मी एवढंच लिहिलं की खराटा ठेवू नका, पण पुढचा निंब लावायच्या आधी जागा कोण सांभाळतं ते लिहून घ्या. त्यावर "एनआरआय साहेब" वगैरे टोमणे आले, ते चालायचंच.

पण गुरुजींनी मनावर घेतलं. परवा त्रेसष्ट सह्यांचा अर्ज गेला, क्षेत्रसभा घ्या आणि ओपन स्पेसची देखभाल कॉलनीकडे लेखी द्या. आवक शिक्का मारलेल्या पोचेचा फोटो ग्रुपवर आला, शिक्का नेहमीसारखा अर्धा उमटलेला, तारीख वाचायला झूम करावं लागलं. खाली आमच्या खान्देशातल्या कानबाईच्या सणाची आठवण करून देणारा आईचा व्हॉइस मेसेज, "कानबाईले येशी ना? येतांना पानी मारानी चांगली नळी लई येजो, डबा उचलीसन कंबर गई."