मिरजेतले पहाटेचे तीन

मिरजेत पहाटेचे तीन वाजतात तेव्हा इथे इंग्लंडात लेस्टरमध्ये रात्रीचे साडेदहा झालेले असतात. गेले सात आठवडे बरोबर त्या वेळेला माझा फोन वाजतो. पलीकडे दादा. "जागा आहेस ना?" म्हणतो, जणू जागरणाची पाळी माझीच आहे.

एप्रिलमध्ये त्याची बायपास झाली. त्याआधी दहा दिवस घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नुसता धुरळा होता. स्टेंट की बायपास? मिरज की पुणे? महात्मा फुले योजनेतून करायची की मेडिक्लेममधून? भाच्याने २०१७ साली सरकारने स्टेंटच्या किमती बांधून दिल्या त्याची अख्खी हकीगत टाकली. मेव्हणे योजनेतल्या पाच लाखांच्या मर्यादेवरून त्याच्याशी भांडले. मी गप्प होतो. चार वर्षांपूर्वी माझी बायपास इथे सरकारी खर्चाने झाली तेव्हा बिलाचा कागदही बघावा लागला नव्हता; पैशावर बोलायला मला तोंड नाही. पण ऑपरेशन 'सक्सेस' झालं, सगळ्यांनी हात जोडल्याची चित्रं टाकली आणि ग्रुप पुन्हा सुप्रभातवर गेला. दादाच्या रात्री तिथून पुढे सुरू झाल्या.

छातीचं मधलं हाड कापून तारेने शिवलेलं असतं. ते नीट सांधायला दोन-तीन महिने जातात. तोवर उताणं झोपायचं. जन्मभर डाव्या कुशीवर झोपलेल्या माणसाला हे जमत नाही. मी स्वतः उलटं पडलेल्या कासवासारखा छताकडे बघत असायचो. खोकला आला की उशी छातीशी घट्ट आवळायची. लघवीची गोळी संध्याकाळी पोटात गेली की रात्रभर मोरीच्या खेपा. हृदयाचे ठोके सावकाश करणाऱ्या बीटा ब्लॉकर गोळ्यांनी काहींना भलतीच ठसठशीत स्वप्नं पडतात. दादाला आमची बुजवलेली विहीर दिसायची, त्यात बाबा पोहताना. ते सांगताना त्याला रडू फुटायचं आणि मग रडल्याबद्दल तो माझीच माफी मागायचा.

दुपारी डोळा लागावा तर भेटायला येणाऱ्यांची रांग. शहाळी, सफरचंदं, "आता काय, नवं इंजिन बसवलं!" डोळ्यांत पाणी दिसलं की "मन घट्ट करा हो." वहिनींचा दिवस चहा गाळण्यात जायचा.

मी घरी आलो त्याच्या तिसऱ्या दिवशी इथल्या नर्सचा फोन आला होता. टाक्यांचं तिने शेवटी विचारलं. आधी झोप, मग "रडू येतं का?" मी नाही म्हणालो. खोटं. त्याच सकाळी टोस्ट करपला म्हणून मी सिंकपाशी उभा राहून रडलो होतो. तिला ते कळलं असावं. म्हणाली, पहिले काही आठवडे असं पुष्कळांचं होतं, बहुतेकांचं ओसरतं. ओसरलं नाही तर आम्हाला सांगा. पुढे व्यायामाच्या वर्गात चौदा प्रश्नांचा एक कागद भरून घेतला, चिंता आणि उदासी मोजणारा. तेव्हा मला तो पोरखेळ वाटला होता.

इथलं सगळं गोड आहे असं नाही. ऑपरेशनसाठी मी पाच महिने यादीत होतो आणि बायको रात्रपाळीला गेली की उशी सरकवायलाही घरात कोणी नसायचं.

ग्रुपवर मी नर्सच्या फोनचं लिहिलं तेव्हा मेव्हण्यांचं उत्तर आलं: "आपल्याकडे घर भरलेलं असतं, फोन करायला नर्स कशाला?" अहो, घर भरलेलं आहे म्हणूनच तो घरात रडत नाही. सात हजार किलोमीटरवरच्या धाकट्या भावाजवळ रडतो.

अमेरिकेत पिट्सबर्गच्या डॉक्टरांनी २००९ साली एक अभ्यास छापला. बायपासनंतर उदास झालेले ३०२ रुग्ण. निम्म्यांना नर्स आठ महिने ठरावीक अंतराने फोन करत राहिल्या, बाकीच्यांचे नेहमीचे उपचार चालू राहिले. फोनवाल्यांपैकी निम्म्यांची उदासी निम्म्यावर किंवा त्याखाली आली, इतरांत ३० टक्क्यांची. आपल्याकडे २०२२ पासून टेलिमानसची १४४१६ ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन आहे, चांगली आहे. पण तिथे फोन आपण करायचा असतो. दादा मरेपर्यंत करणार नाही. त्याला फोन यायला हवा, ज्या दवाखान्याने छाती उघडली तिथूनच. योजनेच्या प्रत्येक दवाखान्यात कागदपत्रं बघायला आरोग्यमित्र बसलेला असतोच. घरी गेलेल्यांची यादी त्याने ठेवावी, फोन नर्सने करावा. ऑपरेशनच्या खर्चापुढे हा खर्च दिसणारसुद्धा नाही. पॅकेजमध्ये काय बसतं यावर आपण इतके तावातावाने भांडतो, मग हे का मागत नाही?

तोवर नर्स मीच. पहिल्या आठवड्यात विचारलं, लघवीची गोळी कधी घेतोस? संध्याकाळी, म्हणाला. वहिनींना डॉक्टरांना विचारायला लावलं. त्यांनी ती सकाळवर आणली आणि स्वप्नांचं ऐकून दुसरीही एक गोळी बदलून दिली. भेटीची वेळ पाच ते सहा, असा कागद वहिनींनी दारावर चिकटवला. आत्या रुसल्या. रुसू देत.

गेल्या गुरुवारी साडेदहा झाले, अकरा झाले, फोन नाही. बारापर्यंत मी मोबाइल हातात धरून बसलो, मग न राहवून वहिनींना मेसेज टाकला. उत्तर मी उठलो तेव्हा आलेलं होतं: "झोपले होते. कुशीवर. इतकं घोरत होते की मला झोप नाही."